बरे वाटण्याचा दिवस

त्या दिवशी सकाळी फेरीला गेलो तेव्हा रुग्ण खाटेवर उठून बसला होता आणि घरी सोडा म्हणून परिचारिकेच्या मागे लागला होता. आदल्या रात्री उलट्या-जुलाबांनी पार गळून गेलेल्या अवस्थेत तो आमच्याकडे दाखल झाला होता. रात्रभर सलाईन दिल्यावर त्याचा रक्तदाब सावरला, कोरडी पडलेली जीभ ओलसर झाली आणि पहाटेपासून उलट्या थांबल्या. केसपेपरवर ‘अन्नातून विषबाधा’ असे निदान होते आणि ते मीच लिहिले होते. काय खाल्ले, या प्रश्नापुढे ‘उकडलेला कंद’ अशी नोंदही माझ्याच अक्षरात होती. कोणता कंद, हे मात्र मी विचारले नव्हते. संध्याकाळपर्यंत सोडायला हरकत नाही, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

तेवढ्यात त्याच्या पत्नीने पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक कच्चा कंद काढून माझ्यापुढे धरला. “डॉक्टर, यांनी खाल्ला तो हा. कुंपणाजवळ खणताना सापडला होता. मला पहिलाच घास कडू लागला म्हणून मी थुंकून टाकला. यांनी मात्र खाल्ला.” कंद हातात घेतला आणि क्षणभर काही बोलता आले नाही. बाहेरून तपकिरी, तुटलेल्या जागी पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधोमध काटकोनात वळलेला. नांगराशी असलेल्या याच साम्यावरून संस्कृतात या वनस्पतीला लांगली म्हणतात, आणि प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून मराठीत कळलावी. वेलीला फुले असती तर लाल-पिवळ्या, ज्वाळांसारख्या उलट्या वळलेल्या पाकळ्यांवरून ती कोणालाही ओळखता आली असती. फुले गळून वेल वाळल्यावर जमिनीत उरणारा कंद मात्र खाण्याजोग्या कंदांमध्ये सहज खपून जातो.

या कंदात कोल्चिसिन असते. पेलेतिए आणि काव्हान्तू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1820 मध्ये कळलावीच्याच कुळातल्या दुसऱ्या एका वनस्पतीतून हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नत्रयुक्त रसायन, प्रथम वेगळे केले. वातरक्ताच्या (गाउटच्या) रुग्णांना आम्ही तेच औषध म्हणून देतो, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून आणि दिवसाच्या गोळ्या मोजून, कारण गुण देणारी मात्रा आणि घात करणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. उकडल्याने किंवा वाळवल्याने ते नष्ट होत नाही. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणाऱ्या ज्या सूक्ष्म नलिका असतात, त्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जुळणीतून तयार होतात. कोल्चिसिन या प्रथिनाला चिकटते, जुळणी थांबते आणि पेशी अर्ध्या विभाजनातच अडकून पडते. (गुणसूत्रांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग करतात, पेशी नेमक्या त्या अवस्थेत थांबवल्या की गुणसूत्रे स्पष्ट दिसतात.) साहजिकच ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांना पहिला तडाखा बसतो: आधी आतड्याचे अस्तर, मग रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा, शेवटी केसांची मुळे. पहिल्या दिवसाच्या उलट्या-जुलाबांनंतर रुग्णाला काही तास खरोखरच बरे वाटू शकते आणि त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, एकामागून एक अवयव निकामी होऊ लागतात. माझ्यासमोर बसलेला माणूस त्याच काही तासांत होता.

मी सकाळचे रिपोर्ट पुन्हा पाहिले. पांढऱ्या पेशी 19,000 होत्या. या विषबाधेत सुरुवातीला त्या अशाच वाढतात, पण तो आकडा पाहून आणि उलटी श्वासमार्गात गेली असावी या शंकेने रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून ठेवले होते. एरवी त्यात काही चूक नव्हती. मात्र कोल्चिसिन शरीराबाहेर काढण्याचे जे मार्ग आहेत, नेमके तेच हे प्रतिजैविक अडवते. पहिली मात्रा द्यायला परिचारिका निघालीच होती. मी औषध तिच्या हातातून घेतले आणि केसपेपरवरची ती ओळ खोडून खाली सही केली. त्या खोडलेल्या ओळीचा विचार आजही मनातून जात नाही.

रुग्णाच्या थोरल्या भावाला समजावणे सर्वांत अवघड गेले. “आता जेवायला मागतोय तो, डॉक्टर. आणि तुम्ही आयसीयू म्हणताय?” त्यांचा संशय मला समजत होता. मी त्यांना बाजूला बसवून सांगितले, “दादा, उद्या-परवा हा फार आजारी पडणार आहे. तो इथे असताना पडावा, एवढंच मला हवंय.” नक्की वाचेल का, असे त्यांनी विचारले. ते मी सांगू शकत नव्हतो, आणि तसेच सांगितले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि मग संमतीपत्रावर सही केली.

यावर हाताशी उतारा नाही. कोल्चिसिनला बांधणारी प्रतिपिंडे वापरून एका रुग्णेला वाचवल्याचे 1995 मध्ये फ्रान्समधून प्रसिद्ध झाले होते, पण ते औषध बाजारात आलेच नाही. हे विष रक्तातून निघून पेशींत शिरून बसत असल्यामुळे डायलिसिसनेही ते निघत नाही. पित्तावाटे आतड्यात उतरलेले विष पुन्हा शोषले जाऊ नये म्हणून सक्रिय कोळशाच्या मात्रा ठरावीक अंतराने देणे, आणि बाकी प्रत्येक अवयवाला तग धरेपर्यंत आधार देणे, एवढेच हाती होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे रक्तदाब घसरला. पांढऱ्या पेशी 900 वर आल्या, प्लेटलेट 28,000 वर, आणि श्वासाचे स्नायू इतके दुर्बळ झाले की त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. अस्थिमज्जेला चालना देणारी इंजेक्शने, प्लेटलेटच्या पिशव्या, जंतुसंसर्गाची सततची धास्ती, असे पाच दिवस गेले. आठव्या दिवशी पांढऱ्या पेशी 2,400 झाल्या आणि नवव्या दिवशी नळी काढली.

बाराव्या दिवशी सकाळी फेरीला गेलो तर तो उशीकडे पाहत बसला होता. उशीवर केसांचा पुंजका होता, आणि डोक्यावरून हात फिरवताच आणखी केस त्याच्या मुठीत आले. तो घाबरून गेला होता. केस जातात ते या विषातून वाचणाऱ्यांचे, सुधारणेच्या टप्प्यात, हे मला ठाऊक होते. म्हणून तो पुंजका पाहून मला जो दिलासा मिळाला तो मी त्याच्यापासून लपवू शकलो नाही. “परत येतील ना, डॉक्टर?” त्याने विचारले. मी म्हणालो, “येतील. या वेळी तुम्ही विचारलंत ते मी नक्की सांगू शकतो.” त्याच्या पत्नीने उशीवरचे केस हळूच गोळा केले आणि कंद आणला होता त्याच पिशवीत ठेवून दिले.