येताय ना? लग्नाची आमंत्रणं, उत्तरं आणि माझा अनुभव

लग्न होऊन चार महिने झाले, अल्बम आला, सगळं छान पार पडलं, पण अजूनही कुणाचं 'बघू, जमवतो' असं उत्तर आलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कपडे, हॉल, फोटोग्राफर यावर सल्ले द्यायला शंभर माणसं असतात, पण नेमकी किती माणसं येणार हा आकडा काढायचा कसा हे कोणी सांगत नाही. मी तो काढला, कसा काढला ते लिहितेय. थोडी चिडचिड होणार आहे, समजून घ्या.

आधी जाहीर करायचं प्रकरण, ते पटकन उरकते. आम्ही ठरवलं होतं की जवळच्यांना फोन करायचा आणि मगच स्टेटस वगैरे. दोन संध्याकाळी बसून फोन केले. तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेले करणार, तोवर नणंदबाईंनी उत्साहात फोटो टाकला आणि माझ्या मोठ्या मावशीला लग्नाची बातमी तिच्या शेजारणीकडून कळली. मावशी ते अजून ऐकवते. तेव्हा फोनवर सांगतानाच 'रविवारपर्यंत कुठे टाकू नका हां' एवढं वाक्य जोडा. आणि ज्यांना बोलवायचं नाहीये पण कळवायचं आहे, त्यांना लग्न झाल्यावर कळवा, 'आमचं लग्न अमुक तारखेला झालं' असं, झालेल्या गोष्टीसारखं. आधी कळवलं की माणूस साहजिकच विचारतो, मग कधी यायचं?

तारीख राखून ठेवा असा एक छोटा मेसेज पाच महिने आधी पाठवला होता. नावं, तारीख, गाव, आणि 'पत्रिका मागाहून'. बाहेरगावाहून येणाऱ्यांना याचा खरंच उपयोग होतो, सुट्टी आणि तिकिटं बघता येतात. पण यात एक ग्यानबाची मेख आहे, ज्याला हा मेसेज गेला त्याला पत्रिका द्यावीच लागते. आमची यादी तेव्हा कच्ची होती. नंतर सात-आठ नावं कापायची होती, कापता आली नाहीत.

पत्रिका छापताना मी माणसं मोजली, घरं नाही. 'तीनशे सांगू?' म्हणलं, तर नवरा (तेव्हा होणारा) म्हणाला, एका घरात चार पत्रिका देणार का तू? यादीत घरं होती १२६, माणसं ३१८. त्यातल्या मोठ्या माणसांसाठी ७० छापल्या, बाकी सगळ्यांना मोबाईलवर. छापताना दहा-बारा जास्त घ्या, नंतर पाचच हव्या असल्या तरी मशिनवर पुन्हा सगळं बसवावं लागतं, ते परवडत नाही. प्रूफ घरातल्या चौघांनी वाचलं, चौघांनी छान म्हणलं, आणि वार चुकीचा होता! तारीख बरोबर, वार शनिवार, लग्न रविवारी. बाबांनी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं म्हणून वाचलो. प्रूफ वाचताना कॅलेंडर हातात पाहिजे, आणि नावं शेवटाकडून उलटी वाचायची. सरळ वाचलं की डोळा आपोआप दुरुस्त करून घेतो.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. आता खरी गोष्ट.

मला वाटलं आपण एवढ्या शिकलेल्या, ऑफिसात दिवसभर शीट घेऊन बसणाऱ्या, उत्तरं गोळा करायला ऑनलाइन फॉर्म करू. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवरच केला. नाव, किती जण येणार, कधी पोचणार, एवढे तीनच प्रश्न. मला तो इतका आवडला की मी बाजूच्या टेबलवरच्या मैत्रिणीला दाखवला, तिनं तिथेच भरलासुद्धा. लग्नाच्या सात आठवडे आधी पत्रिकेसोबत लिंक गेली, खाली लिहिलं 'कृपया अमुक तारखेपर्यंत कळवा'. ती तारीख लग्नाच्या बरोबर चार आठवडे आधीची. हॉलवाल्यांना पानांचा आकडा दहा दिवस आधी हवा होता, एकदा दिलेला आकडा वाढवता येणार होता, कमी करता येणार नव्हता. म्हणजे हाताशी अडीच आठवडे. वाटलं, भरपूर झाले.

पहिल्या आठवड्यात उत्तरं आली १४. दुसऱ्या आठवड्याअखेर १९. बस. फॉर्म उघडायचा, १९. जेवून उघडायचा, १९. रात्री झोपताना परत एकदा, १९. आईला म्हणलं, तुमच्याकडच्या लोकांना दोन मिनिटं नाहीत का? आई म्हणाली, तुझ्या बाबांकडच्यांनी तरी कुठं भरलाय? बाबा पेपरात डोकं घालून बसले. तिकडे नवऱ्याच्या घरीही हाच संवाद चालू होता असं नंतर कळलं. मी तर फॅमिली ग्रुपवर एक टोमणेवजा मेसेज टाकला, 'सर्वांना आग्रहाची विनंती, फॉर्म भरायला फक्त एक मिनिट लागतो'. त्यावर नऊ अंगठे आले. फॉर्म मात्र १९ वरच.

तारीख उलटली त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिला मोबाईल नीट वापरता येतो, उलट आम्हालाच शिकवते. म्हणाली, 'अगं, तुझ्या त्या फॉर्मवर काय येतंय माहितीये का? हा फॉर्म फक्त संस्थेतल्या लोकांना बघता येईल. आम्ही बाहेरचे का गं?'

मी हसले आधी. मग शीट उघडून ती १९ नावं पहिल्यांदा नीट वाचली. एकोणीसच्या एकोणीस माझ्या ऑफिसातली. एकही नातेवाईक नाही, नवऱ्याकडचं तर कोणीच नाही. ऑफिसच्या खात्यावरून केलेला फॉर्म, त्याच्या सेटिंगमध्ये 'फक्त संस्थेतल्यांसाठी' हा पर्याय आपोआप चालू होता, आणि मी तो बघितलाच नव्हता. तपासून बघितला तोही कुणाकडून, तर बाजूच्या टेबलवरच्या मैत्रिणीकडून! तीन आठवडे शंभर घरं दारावर टकटक करून परत जात होती आणि मी आत बसून त्यांच्यावरच चिडत होते. तो टोमण्याचा मेसेज आठवून इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर माफीच मागितली.

तर फॉर्म करायचाच असेल तर स्वतःच्या खासगी खात्यावर करा, आणि पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या मोबाईलवर उघडून बघा. आणखी एक, 'एकाने एकदाच भरावा' हा पर्याय चालू केला की ते आधी लॉगिन मागतं, आणि लॉगिन म्हणलं की निम्मी मंडळी तिथेच मागे फिरतात. तो बंद ठेवा.

पण तो बंद ठेवला की काय होतं तेही सांगते. सेटिंग बदललं, लिंक परत पाठवली, चार दिवसांत ४७ उत्तरं आली. मी खूश. मग बेरीज केली तर आकडा फारच कमी. बघते तर 'किती जण' या रकान्यात लोकांनी काय वाट्टेल ते लिहिलेलं. 'सर्व'. 'सहकुटुंब'. 'दोघे नक्की, मुलांचं बघू'. '५-६'. एका काकांनी फक्त 'अभिनंदन!!' शीटमधली बेरीज असल्या शब्दांना मोजतच नाही, सरळ सोडून देते, त्यामुळे सहकुटुंब येणारे सगळे शून्य. आणि उलटा घोळ म्हणजे मामांनी भरलं ४, मामींनी भरलं ४, त्यांच्या मुलानं स्वतःचं वेगळं भरलं १. घरात माणसं चार, शीटमध्ये नऊ. असली डबल उत्तरं ८ निघाली. म्हणजे ३९ घरं खरी, आणि ऑफिसची १९, एकूण ५८. राहिली ६८. हॉलवाल्यांना आकडा द्यायला उरले होते तेरा दिवस.

त्या ६८ मध्ये पण गंमत होती. मी मोबाईलवरची पत्रिका व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवली होती, एकेकाला कोण पाठवत बसणार म्हणून. ब्रॉडकास्टचा नियम असा की ज्याच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. बाबांच्या जुन्या मित्रांकडे माझा नंबर असायचं काय कारण? नवऱ्याकडच्या लोकांकडे तर नाहीच. मेसेजवर दाबून धरलं की माहितीमध्ये कुणाला पोचला, कुणी वाचला ते दिसतं. तिथे बघितलं, २३ घरांना मेसेज गेलेलाच नाही. फॉर्मचं सोडा, त्यांना आमंत्रणच नव्हतं! ती २३ माणसं तोवर काय समजत असतील हा विचार मी आजही करत नाही. तुम्ही मात्र ज्याच्याशी ज्याची ओळख, त्यानंच पाठवायचं असं ठेवा. बाबांच्या मित्रांना बाबांच्या नंबरवरून.

शेवटी फोनच करावे लागले. ६८ घरं चौघांत वाटली, आईकडची आईनं, बाबांकडची बाबांनी, नवऱ्याकडची त्यानं, मैत्रिणी वगैरे मी. आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की बाबा चुकीचं विचारतायत. ते विचारायचे, 'मग, येताय ना?' याला जगात कोणी नाही म्हणत नाही. 'हो हो, म्हणजे काय, येणारच!' ठेवला फोन, बाबांनी समोर लिहिलं, होकार. किती जण ते विचारलंच नाही! मी म्हणलं बाबा, 'किती जण' पण विचारू नका, 'कोण कोण येताय' विचारा. नावं सांगायला लागली की माणूस खरा विचार करतो. 'मी, ही, आणि... नाही, धाकट्याची परीक्षा आहे, तो नाही यायचा.' झालं, तीन. जो कचरतोय त्याला मी सांगायचे, 'दादा, नाही म्हणालात तरी चालेल, मला फक्त पान धरायचं की नाही ते हवंय.' नाही म्हणायची मोकळीक दिली की पटकन खरं सांगतात, त्यांनाही हायसं वाटतं. फॉर्मवर ही सोय नाही. मी फॉर्मच्या विरोधात नाही, ऑफिसच्या लोकांनी तो मस्त भरला, पण घरच्या माणसांना फोन लागतोच, आणि एका घरातून एकाच माणसाचं उत्तर धरायचं, बाकीच्यांचं ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

शीटमध्ये मी नंतर जे रकाने केले ते आधीच करायला हवे होते. घर, येणाऱ्यांची नावं, मोठे किती, लहान किती, आमच्यापैकी कोणी कळवायचं, पोचलं का, उत्तर, आणि बदललेलं उत्तर. हा शेवटचा फार महत्त्वाचा. लोक बदलतात. सात घरांनी बदललं, एका मैत्रिणीनं तीनदा. जुनं पुसून नवं लिहिलं की नंतर भांडायला पुरावा राहत नाही.

अजून एक, पत्रिकेवर घरातल्या कुणाकुणाला बोलावलंय ते नावानिशी लिहा. 'सहकुटुंब सहपरिवार' दिसायला भारदस्त वाटतं पण त्याचा आकडा प्रत्येक घराचा वेगळा असतो. मैत्रिणीला जोडीनं बोलावलंय की एकटीला, लहान मुलं धरली आहेत का नाही, ते तिला अंदाजानं ओळखायला लावू नका. एकीनं मला भीतभीत विचारलं, बाळाला आणलं तर चालेल ना? ते मीच आधी सांगायला हवं होतं.

पाच दिवस रोज संध्याकाळी फोन. घसा बसला. आईनं सगळ्यात भारी काम केलं, तिचा एकेक फोन अर्धा तास चालायचा पण उत्तर पक्कं असायचं. चार घरं शेवटपर्यंत 'बघू' म्हणाली, त्यांचे निम्मे धरले. हॉलवाल्यांना अकरा दिवस आधी, म्हणजे मुदतीच्या एक दिवस अलीकडे, आकडा सांगितला २७०. लग्नाच्या दिवशी आले २६२. आठाचा फरक! नवऱ्यानं मंडपात हळूच विचारलं, काय गं हसतेस, म्हणलं २६२. त्याला काही कळलं नाही.

आत्या आली तेव्हा दारात मीच होते. आधी वाकून आत बघितलं आणि म्हणाली, 'बाहेरच्यांना सोडताय ना आत?' हे आता आयुष्यभर.

हां, एक राहिलं. तारीख झाली की फॉर्ममध्ये 'उत्तरं घेणं बंद' करायचं बटण असतं, ते मी दाबलं नाही. परवा नोटिफिकेशन आलं, बाबांच्या एका मित्राचं उत्तर. 'तिघे येतोय.'