दोन्ही छावण्यांतले मरे

स्कॉटलंडच्या पर्थशरमधला ब्लेअरचा किल्ला दाखवणाऱ्या गाइडबाई गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेल्या १७४५ च्या जॅकोबाइट बंडापाशी आल्या आणि त्यांचा आवाज एकदम कातर झाला. सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध, वगैरे. सगळी मंडळी हळहळली. मला मात्र आपले देशमुख आठवत होते. एक भाऊ मोगलाईत, दुसरा स्वराज्यात, वतन शाबूत! आपण त्यांना अजून शिव्या घालतो. इथे त्याच गोष्टीला तिकीट आहे.

घराणं मरे आडनावाचं, किताब ड्यूक ऑफ अ‍ॅथॉल. राणी अ‍ॅनने तो १७०३ मध्ये दिला. पहिल्या ड्यूकचा वारस विल्यम १७१५ च्या जॅकोबाइट उठावात सामील झाला. बापाने काय करावं? स्वतः राजाशी एकनिष्ठ राहून पार्लमेंटकडून चक्क कायदा करून घेतला आणि वारसा धाकट्या जेम्सकडे वळवला. १७२४ मध्ये जेम्स दुसरा ड्यूक झाला. तिकडे जॅकोबाइट मात्र विल्यमलाच ड्यूक मानत राहिले. १७४५ मध्ये ग्लेनफिननला स्टुअर्टांच्या प्रिन्स चार्ल्सचं निशाण त्यानेच फडकावलं. आणखी एक धाकटा भाऊ जॉर्ज त्या फौजेचा एक सेनापती. मार्च १७४६ मध्ये त्याने ब्लेअरलाच वेढा घातला आणि तापवून लाल केलेले गोळे स्वतःच्या वडिलोपार्जित घरावर डागले. ब्रिटनमध्ये वेढा पडलेला हा शेवटचा किल्ला म्हणतात. पुढच्याच महिन्यात कलोडनच्या लढाईत बंडाचा सगळा खेळ आटोपला. विल्यम टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत मेला, जॉर्ज १७६० मध्ये हॉलंडात.

१७६४ मध्ये जेम्स वारला, मागे मुलगा नाही. मग तिसरा ड्यूक कोण? बंडखोर जॉर्जचाच मुलगा! त्याचं लग्न आधीच जेम्सच्या मुलीशी, म्हणजे सख्ख्या चुलत बहिणीशी, लागलेलं होतं. बापाच्या राजद्रोहाचा अडसर हाउस ऑफ लॉर्ड्सने बाजूला केला. आयल ऑफ मॅन या बेटाचं स्वामित्वही बायकोकडून आलं होतं, ते या जोडप्याने १७६५ मध्ये सरकारला ७०,००० पौंडांना विकलं. एवढा हिशेबीपणा आपल्या एखाद्या पाटलाने केला असता, तर शाळेच्या पुस्तकात त्याला फितूर म्हटलं असतं. असो, माझा राग थोडा एकतर्फी आहे, कबूल. जॉर्जला वतनच हवं असतं तर तो घरी बसला असता.

एक मात्र मानलं. किल्ल्याचे बुरूज जुने वाटतात, पण वेढ्यानंतर जेम्सने ते उतरवून साधा वाडा केला होता. आजचे कंगोरे एकोणिसाव्या शतकातले, आणि गाइडबाईंनी हे न लपवता सांगितलं.

दहावा ड्यूक अविवाहित होता. १९९६ मध्ये तो वारला, पण किल्ला आणि बरीचशी जमीन त्याने आधीच धर्मादाय न्यासाला दिली होती. किताब गेला दक्षिण आफ्रिकेतल्या एका लांबच्या भावाकडे. तो जमीन-मोजणीदार होता. आता त्याचा मुलगा बारावा ड्यूक आहे. त्याच्या वाट्याला उरली ती अ‍ॅथॉल हायलँडर्स, म्हणजे युरोपातली एकमेव कायदेशीर खासगी फौज. व्हिक्टोरिया राणीने तिला १८४५ मध्ये निशाणं दिली. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी ती संचलन करते, आणि सलामी घ्यायला ड्यूक आफ्रिकेतून येतो.