नव्या घरासाठी भांडी निवडताना

माझ्या भाचीने घोडबंदर रस्त्यावर नुकतेच घर घेतले आणि स्वयंपाकघरासाठी नेमके काय काय घ्यावे, याची यादी मला मागितली. यादी देण्याआधी मी तिला एक काम सांगितले: येत्या आठवड्यात तुम्ही दोघे घरी काय काय रांधणार आहात, ते वारानुसार लिहून काढ. भांडी त्या कागदावरून ठरवावीत. ज्यांच्याकडे रोज वरण-भात, पोळी-भाजी, अधूनमधून भाकरी आणि रविवारी मासळी असते, त्यांना डझनावारी नगांचा तयार संच लागत नाही. संचातील निम्म्या भांड्यांना वर्षभर हात लागत नाही, आणि नव्या सदनिकांच्या स्वयंपाकघरांत ती ठेवायला जागाही नसते.

पहिली खरेदी प्रेशर कुकरची. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळते. कुकरच्या दाबाखाली तेच सुमारे 120 अंशांपर्यंत तापते, म्हणून तूरडाळ लवकर शिजते आणि गॅस वाचतो. दोन माणसांच्या भाजीला किंवा पुलावाला 3 लिटरचा कुकर पुरतो. पण खाली वरण, वर भात आणि त्यावर बटाटे असे डबे लावायचे असतील, तर 5 लिटरचा उभा कुकर हवा. आपल्याकडचा रोजचा स्वयंपाक डब्यांवर चालतो, म्हणून एकच घ्यायचा असेल तर मी 5 लिटरचाच घ्यायला सांगते. डबे न लावता डाळ थेट कुकरमध्ये शिजवताना तो निम्म्याहून अधिक भरू नये, कारण फेस वर येऊन शिट्टीची वाट बंद होऊ शकते. 2021 पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यासोबत आयएस 2347 हा क्रमांक आहे ना, ते पाहूनच पैसे द्यावेत. त्याच वेळी एक जादा रबरी रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्हही घेऊन ठेवावा.

तव्याबाबत मात्र मी आग्रही आहे. पोळीसाठी जाड लोखंडी तवा आणि घावन, आंबोळी, थालीपीठ यांसाठी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा, असे दोन वेगळे तवे असावेत. पोळीला तव्याची आच भराभर कमी-जास्त करता यावी लागते, ते लोखंडी तव्यावर सोपे जाते. बिडाचा तवा सावकाश तापतो, पण एकदा तापला की गार पीठ ओतल्यावरही फारसा थंड पडत नाही, म्हणून घावनाला जाळी पडते. नवा बिडाचा तवा घरी आणल्यावर साबणाने एकदा घासून, मंद आचेवर पूर्ण कोरडा करून, त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि हलका धूर येईपर्यंत तापवावा. गार झाल्यावर पुन्हा तेल, पुन्हा आच, असे तीन-चार वेळा केले की तेलाचा काळा, गुळगुळीत थर लोखंडाला घट्ट धरतो. पहिल्या घावनाआधी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवावा; घावन सहज सुटते. ठाण्याच्या पावसाळी हवेत ओला ठेवलेला तवा एका रात्रीत तांबूस पडतो, म्हणून धुतल्यावर तो पुसून, क्षणभर गॅसवर धरून, तेलाचे बोट लावूनच ठेवावा. नॉनस्टिक तवा घेतलाच, तर तो रिकामा कधीही तापवू नये. त्यावरील लेप 260 अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथवर फार लवकर पोहोचतो.

पातेली आणि कढई स्टीलची घ्यावी, पण तळ जाड हवा. पातळ तळाच्या पातेल्यात दूध खाली लागते आणि रस्सा एका बाजूला करपतो. ज्यांत दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असते, ती ट्रायप्लाय कढई महाग असली तरी आच सर्वत्र सारखी पोहोचवते. सगळ्या यादीत कुठे थोडे जास्त पैसे घालायचे असतील, तर ते इथे घालावेत. साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात आमसुलाची कढी किंवा चिंचेची आमटी करू नये, आंबटाची त्या धातूवर क्रिया होते. दुकानात लोहचुंबक लावून स्टीलची प्रत ठरवण्याची पद्धत फारशी उपयोगाची नाही. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरे. पण कमी निकेलच्या स्वस्त 202 स्टीलला तरी तो कुठे चिकटतो? चुंबकाचा खरा उपयोग इंडक्शनसाठी होतो: तळाला तो घट्ट चिकटला, तरच ते भांडे त्या शेगडीवर चालते.

चिरण्यासाठी एक मोठी आणि एक लहान सुरी पुरे, मात्र त्यांची धार वेळोवेळी लावून घ्यावी आणि काचेच्या पाटावर कधी चिरू नये, धार लगेच जाते. उभ्या ओट्यामुळे विळी अनेक घरांतून गेली. नारळ रोज लागत असेल, तर ओट्याला घट्ट बसणारी खवणी तरी हवीच. सांडशी मात्र हातात धरून, भरलेले पातेले उचलून पाहूनच घ्यावी. जांभळी नाक्यावरील भांड्यांच्या दुकानांत असे करून पाहायला कोणी नाही म्हणत नाही, आणि सांडशीचा खिळा ढिला असेल तर ते तिथेच कळते. पोळपाट-लाटणे, परात, मिसळणाचा डबा, दोन डाव, झारा, उलथने, किसणी, चाळणी आणि रवी ही बाकीची यादी एका फेरीत होते.

मोदकपात्र, पुरणयंत्र आणि सोऱ्या यांना मी तिच्या यादीतून काट मारली. वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या या वस्तू तिच्या आईकडे नौपाड्यात आहेत. गणपतीच्या आधी जाऊन घेऊन याव्यात आणि दिवाळीचा फराळ झाला की घासूनपुसून परत पोहोचवाव्यात.