नोंद ९ : लाइट गेले, हम गेला

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नवा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) घेतल्याशिवाय आता आत्याच्या अभंगांच्या घरगुती रेकॉर्डिंगला हात लावणार नाही. ते वाक्य मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धंच. कारण पुढे येईल.

झालं असं, की गुरुवारी सव्वाअकराला आमच्या पेठेतले लाइट गेले. गुरुवार म्हणजे पुण्यात दुरुस्तीचा वार, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही. पण मी सुट्टी टाकलेली, आणि आत्या नारायण पेठेतून रिक्षा करून येऊन बसलेली. पंखा बंद, फ्रिज बंद, जिन्यातली पाण्याची मोटारही गप्प. लॅपटॉपची बॅटरी ६२ टक्के. म्हटलं, तालीम तरी करू. हेडफोन तिच्या कानावर दिला तर म्हणते, "अरे, आज तानपुरा नाही लावलास?"

तानपुरा मी कधीच लावला नव्हता. चार महिने ती जो ऐकत होती तो हम होता, विजेमुळे रेकॉर्डिंगात शिरणारी घूं-घूं.

रेकॉर्डिंगच्या मीटरकडे पाहिलं. कुणी गात नसताना जी पट्टी मार्चपासून उणे ५७ डेसिबलला चिकटून बसली होती, ती उणे ८२वर (उणे आकडा जितका मोठा, तितकी शांतता). मला वाटलं माइकची केबल निघाली. जाळीवर टिचकी मारली, ठणठणीत आवाज आला. म्हणजे सगळं चालू होतं, फक्त हम नव्हता. घामाघूम होत तिने दोन अभंग म्हटले आणि या वर्षातले माझे पहिले स्वच्छ टेक बॅटरीवर झाले. त्यातल्या एकात खालून भंगारवाला ओरडतो. असू दे.

नोंद ५ ते ८ वाचलेल्यांना मागचं माहीत आहे: केबल बदलल्या, माइक बदलला, तबलजीकडून पंधरा दिवसांच्या बोलीवर दुसरा इंटरफेस आणला. इथून पुढे तो 'नवा' आणि माझा सहा वर्षांचा तो 'जुना'. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली ब्रँडयुद्ध पेटतं. नव्याला गेन (माइकचा आवाज वाढवायची ताकद) जुन्यापेक्षा जवळजवळ १२ डेसिबल जास्त. त्याने हम कमी झाला नाहीच, उलट भरदार झाला. पैसे टाकले की कटकट मिटते या माझ्या श्रद्धेला तिथे पहिला तडा गेला.

'फिल्टर लाव आणि सोडून दे' असं तिघांनी सुचवलं होतं. त्याचं उत्तर आत्याच्या पट्टीत आहे. ती पांढरी ५ मध्ये (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) गाते. तिचा सा १९६ हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हमची शिखरं ५०, १००, १५०, २०० वर. त्यातलं २००चं शिखर तिच्या साच्या बरोबर शेजारी, चार हर्ट्झवर. सा लावला की सेकंदाला चार ठोके ऐकू येतात, जणू कुणी तानपुरा जरासा चढा लावून ठेवलाय. ('तुझा तानपुरा चढलाय' हे ती मार्चमध्येच म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.) २००वर नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) लावला की साचं अंगच जातं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं रीफर (गोंगाटाचा नमुना घेऊन तो वजा करणारं साधन) सबट्रॅक्ट मोडवर टाकून पाहिलं, तर आत्या मुठेच्या तळाशी बसून गातेय असं वाटलं. काळी १ मध्ये गाणाऱ्या माणसाचं कदाचित निभावेल, इथे नाही.

असो. दुपारी पावणेचारला लाइट आले आणि ट्यूब लागताक्षणी हमही आला. या वेळी मात्र मी पेन घेऊन बसलो होतो. एकेक वस्तू बंद करत गेलो. ट्यूब, फरक नाही. पंख्याचा रेग्युलेटर, वरची थोडी चिरचिर गेली. लॅपटॉपचा चार्जर काढला, उणे ५७वरून उणे ६६. मॉनिटर स्पीकरची पिन काढली, थेट उणे ८०च्या खाली.

चार्जर आधी काढून पाहिला नव्हता का? पाहिला होता, नोंद ६ मध्ये लिहिलंय. थोडा फरक पडला, पण हम उरला, म्हणून चार्जरला निर्दोष सोडून मी केबलच्या मागे लागलो. चोर दोन असू शकतात हे डोक्यातच आलं नाही.

मग टेस्टर काढला. इंटरफेसच्या पत्र्याच्या बॉडीला लावला, दिवा मिणमिणला. हात ठेवला की हम कमी होतो हे मला वर्षभर माहीत होतं, आणि त्याची मी गंमत समजत होतो. लॅपटॉपच्या कडेला मनगट घासलं की येणाऱ्या मुंग्यासुद्धा त्याच गंमतीत. मल्टिमीटर लावला (फेज म्हणजे जिवंत तार, न्यूट्रल परतीची, अर्थ जमिनीला जोडलेली): फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थ १०९, न्यूट्रल-अर्थ ११४. फेज-अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट हवं. इथे अर्थ अधांतरी, दोघांच्या मधोमध तरंगत होतं.

कारण नोंदवून ठेवतो. चार्जर आणि स्पीकरच्या पॉवर सप्लायमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून अर्थला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, वरच्या वारंवारतेचा कचरा जमिनीत जावा म्हणून. अर्थ खरोखर जमिनीला टेकलेलं असेल तर ते काम चोख होतं. पण अर्थची वायरच तुटलेली असली की ते दोन कपॅसिटर निम्मा निम्मा व्होल्टेज वाटून घेतात आणि सगळ्या पत्र्यांवर शंभर-सव्वाशे व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण यूएसबीच्या आणि केबलच्या शील्डवरून तोच करंट इंटरफेसमध्ये शिरतो आणि वर आपण ५०-६० डेसिबल गेन लावून त्याचा तानपुरा करतो.

एक्स्टेंशन बोर्ड उघडला तेव्हा कपाळाला हात लावला. वर तीन भोकांची सॉकेटं, आत वायर दोन कोअरची. अर्थची पितळी पट्टी छान बसवलेली, तिला काहीच जोडलेलं नाही! कुठल्या दुकानातून घेतला ते आठवत नाही, आठवलं असतं तरी लिहिलं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी तापकीर गल्ली, म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार, गाठली. तीन कोअरची वायर मीटरवर मोजून घेतली, १६ अँपिअरचा प्लग घेतला, आणि आलोच आहे तर १५० ओहमचे रेझिस्टर घेतले (त्यांचं काम पुढे). तापकीर गल्लीबद्दल माझं मत: सुटे भाग, कनेक्टर, वायर डोळे मिटून घ्या, तयार जोडलेली केबल दिसली की हात खिशात ठेवा. मागे एक तयार एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल) घेतली होती, आत ३ नंबरची पिन १ नंबरला शॉर्ट केलेली निघाली. बॅलन्स्ड केबलचा (दोन तारांतल्या फरकातून बाहेरचा गोंगाट वजा करायचा) सगळा मुद्दाच संपला. सोल्डरिंग शिका, अर्ध्या तासाचं काम आहे.

रात्री नवा बोर्ड बांधला, लावला, रेकॉर्डिंगचा मीटर पाहिला. उणे ५७.

ढिम्म. त्या रात्री मी इंटरफेस विकून बासरी शिकायचा गंभीर विचार केला.

शनिवारी सकाळी भिंतीतलं सॉकेटच मोजलं, तर तेही तसंच: न्यूट्रल-अर्थ ११२. म्हणजे बोर्ड कितीही चांगला असो, भिंतीतच अर्थ नाही. मग घरभर मल्टिमीटर घेऊन फिरलो. बायको म्हणाली, "थर्मामीटर लावतोस का घराला?" बाहेरच्या खोलीत तेच. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या पॉइंटला मात्र न्यूट्रल-अर्थ १.८! तिथून दहा मीटर वायर दारातून खोलीत ओढली, चार्जर, स्पीकर सगळं एकाच बोर्डवर लावलं. उणे ८०. पंखा चालू, चार्जर चालू, स्पीकर चालू, आणि उणे ८०. मी पाच मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि परत ऐकली.

दोन सूचना. एक, सॉकेट मोजताना प्रोबच्या धातूला बोट लागता कामा नये, आणि जमत नसेल तर वायरमनला बोलवा. दोन, 'स्पीकरची अर्थ पिन कापून टाक, हम जातो' हा सल्ला पुन्हा कुणी देऊ नये. हम जातो हे खरं, पण त्या पेटीत उद्या काही बिघडलं तर माणूस जाईल. अर्थचा लूप (दोन वाटांनी अर्थ जोडलं गेल्याने होणारं वेटोळं) तोडायचाच असेल तर सिग्नलच्या वाटेत लावायचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स असतो, त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलच्या शील्डची जोडणी तोडायचं, बटण असतं.

आता अर्ध्या वाक्याकडे. हम गेल्यावर त्याच्या पोटात लपलेली एक बारीक शिट्टी वर आली. ॲनालायझरवर सुईसारखं शिखर, बरोबर ८ किलोहर्ट्झवर. आकड्यावरूनच आडनाव कळलं: यूएसबी २.० हायस्पीडमध्ये सेकंदाला ८,००० मायक्रोफ्रेम (डेटाचे ठोके) जातात आणि त्या तालावर इंटरफेसचा ५ व्होल्टचा पुरवठा थरथरतो. इथे ते रेझिस्टर. एक्सएलआरच्या २ आणि ३ पिनमध्ये १५० ओहम जोडला की माइकच्या जागी मुका पाहुणा बसतो. त्यावर पूर्ण गेन उघडून जे ऐकू येईल ते इंटरफेसचं स्वतःचं. जुन्यात शिट्टी आहे, गेनच्या शेवटच्या पाव फेऱ्यात. दुसरा पोर्ट, आखूड केबल, पॉवर असलेला हब करून पाहिलं. कमी झाली, गेली नाही. नव्यात नाही. म्हणजे हम भिंतीचा, शिट्टी जुन्याची.

माहितीपत्रकात हे कुठे दिसत नाही. तिथे ईआयएन (इंटरफेसचा स्वतःचा गोंगाट सांगणारा आकडा) वाचून आपण भांडतो, याचा उणे १२८, त्याचा उणे १२९. १५० ओहमच्या रेझिस्टरचा स्वतःचाच नॉइज उणे १३१ डीबीयूच्या आसपास असतो, त्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही. त्या एक डेसिबलसाठी मी दोन महिने तक्ते बनवले. आता माझी खरेदीची परीक्षा एकच: १५० ओहम लावा, गेन पूर्ण उघडा, हेडफोन लावून ऐका. दुकानदार करू देत नसेल तर ओळखीतल्या कुणाकडून दोन दिवस आणा.

गेन मात्र मला लागतो. माझ्या एसएम५८ या डायनॅमिक माइकची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक आवाजाला माइक किती सिग्नल देतो ते) उणे ५४.५ डीबीव्ही, आणि आत्या माइकपासून हातभर लांब बसते. जवळ ये म्हटलं की "तोंडात घालू का तो?" कंडेन्सर (जास्त सिग्नल देणारा, वेगळ्या जातीचा माइक) घ्या म्हणणाऱ्यांचं गणित बरोबर आहे, एटी२०२०ची उणे ३७, म्हणजे साडेसतरा डेसिबल फुकट. आणि डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट कमी उचलतो हेही अर्धंच खरं. आपण त्याला तोंडाजवळ धरतो म्हणून तसं वाटतं. हातभर अंतरावरून दोघेही सदाशिव पेठ सारखीच ऐकवतील. तरी पालख्या गेल्या, आता नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतील, आणि तेव्हा मला काहीतरी आत्याच्या तोंडाजवळ नेता यायला हवं. थांबा. हे लिहिता लिहिता सुचतंय, प्रश्न माइकचा नसून बैठकीचा आहे. पेटी तिच्यासमोर असते म्हणून ती मागे सरकते. पेटी दुसऱ्याने वाजवली तर?

मग चार माइक लागतात: आत्या, पेटी, आणि तबल्याचे दायां, बायां. आतापर्यंत तबला नंतर चढवत होतो आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येण्यापायी तबलजी वैतागायचा. डायरेक्ट मॉनिटरिंगने (लॅपटॉप टाळून थेट इंटरफेसमधून ऐकून) भागत होतं, पण सगळे एकत्र बसल्याची मजा त्यात नाही. म्हणून दोन इनपुटच्या इंटरफेसची यादी आज फाडली. सावध राहा, '४ इन' म्हणजे चार माइक नव्हे: मोटू एम४ आणि स्कारलेट ४आय४, दोन्हींत माइक प्रीॲम्प (माइकला गेन देणारे इनपुट) दोनच, उरलेले लाइन, म्हणजे माइक न चालणारे. माझ्या टप्प्यात चार प्रीॲम्पवाले दोन, बेहरिंजर यूएमसी४०४एचडी आणि ऑडियंट ईव्हो ८. पहिल्याला वेगळा ॲडॉप्टर लागतो, आणि सध्या मला घरात आणखी एक ॲडॉप्टर पाहवत नाही. दुसरा यूएसबीवर चालतो, गेन ५८. आत्याला पुरेल की नाही ते पुढच्या आठवड्यात एकाकडचा आणून रेझिस्टर लावूनच ठरवेन.

वायरमन रविवारी येतो म्हणालाय, म्हणजे मंगळवार धरू. तोवर फ्रिजच्या पॉइंटची वायर दारातून आडवी पडलीये. फ्रिज चालू होताना एक 'टक्' येतं, ते कापता येतं. वायरीत कुणी अडखळू नये म्हणून आत्याने तिच्यावर दोन पाट मांडून ठेवलेत.