प्रेअरी डॉग: साडेतीन महिने फक्त जागा शोधल्या

मंडळी, मागच्या नोंदीत माझी २२३ रेमिंग्टन रायफल शंभर यार्डांवर झीरो झाल्याचं, म्हणजे स्कोप आणि गोळी एका जागी जुळल्याचं, लिहिलं होतं. त्यानंतर मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत एकही गोळी झाडली नाही. रायफल कपाटात आणि मी माळावर. निम्मी शिकार जागा शोधण्यातच असते, असं ऐकून होतो. प्रेअरी डॉगच्या, म्हणजे माळावर बिळांची वस्ती करून राहणाऱ्या खारीच्या जातीच्या जनावराच्या, बाबतीत ती निम्म्याहून जास्त निघाली.

मुद्दाम हाच काळ निवडला. कोलोरॅडोत सरकारी जमिनीवर १ मार्च ते १४ जून प्रेअरी डॉग मारायला बंदी असते. हे दिवस पिल्लांचे. ती वसंतात बिळात जन्मतात आणि मे महिन्यात पहिल्यांदा वर येतात. खासगी जमिनीला ही बंदी लागू नाही, पण मी तिथेही पाळतो. आई मेली की बिळातली पिल्लं उपाशी मरतात, आणि ते मला करायचं नाही.

मार्चमध्ये बर्फ पडत होता तेव्हा घरी बसून उपग्रहाचे फोटो चाळले. एकदा डोळा बसला की वस्ती ओळखता येते. बिळाच्या तोंडाशी उपसलेली माती फिकट असते आणि भोवतीचं गवत कुरतडून जमिनीला लागलेलं असतं. वरून पाहिलं तर चादरीवर सांडगे घालावेत तसे पांढुरके ठिपके दिसतात. त्यावर मालकीचा नकाशा ठेवायचा: पिवळा बीएलएम या केंद्राच्या जमीन खात्याचा, हिरवा फॉरेस्ट सर्व्हिसचा, निळा राज्याचा, पांढरा खासगी. निळ्या रंगानं मला सुरुवातीला चकवलं. कोलोरॅडोत राज्याच्या ट्रस्ट जमिनी सरसकट खुल्या नाहीत. वन्यजीव खात्यानं भाडेपट्ट्यावर घेतलेल्या तेवढ्याच आपल्यासाठी, त्याही ठरलेल्या काळात.

एप्रिलमध्ये पॉनी नॅशनल ग्रासलँडच्या चार फेऱ्या झाल्या. वेल्ड काउंटीतला हा माळ सुमारे १ लाख ९३ हजार एकरांचा आहे, पण सलग नाही. १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांत इथले शेतकरी उठून गेले, सरकारनं त्यांच्या जमिनी विकत घेतल्या आणि १९६० साली त्यांना ग्रासलँड असं नाव मिळालं. जे टिकून राहिले त्यांची शेतं मध्येमध्ये तशीच राहिली. त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. या राज्यात पाटी असो वा नसो, खासगी जमिनीवर शिकारीसाठी परवानगी लागतेच. दोन हिरवे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून असतील तर एकातून दुसऱ्यात पाऊल टाकावं का, हा वाद जुना आहे. वायोमिंगमधल्या अशाच खटल्यात २०२५ साली दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टानं मिझुरीच्या चार शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. तरी मी कोपरा ओलांडत नाही. त्याच शेजाऱ्याचं दार पुढे मला ठोठवायचं असतं.

पहिली फेरी बंदुकीशिवाय करायची, हा नियम इथेच पक्का झाला. फोटोत भरगच्च दिसलेल्या एका वस्तीवर कोल्हापूरचा मित्र आणि मी सकाळी पोचलो. वारा सोडला तर आवाज नाही. तो एका बिळाशी वाकला आणि म्हणाला, "अरे, हे बघ." बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, अख्खं, दवानं भिजलेलं. पुढच्या बिळावरही तेच. कडेनं गवत वाढू लागलं होतं, ताजी लेंडी कुठेच नव्हती. अशी एकदम ओस पडलेली वस्ती दिसली की पहिला संशय प्लेगचा घ्यायचा. आम्ही पाय न लावता मागे फिरलो, पँटवर पिसवा आहेत का ते पाहिलं आणि मग गाडीत बसलो.

माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची: प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिलो, घरात उंदीर पडला की माणसं निघायची. १८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात जी साथ होती, तीच जगभर फिरत १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरली आणि तिथून इथल्या रानातल्या खारींमध्ये आणि प्रेअरी डॉगांमध्ये शिरली. त्या जाळ्यापाशी उभं असताना आजीचा आवाज कानात होता. वायोमिंगच्या थंडर बेसिन ग्रासलँडमध्ये २०१७ साली याच रोगानं प्रेअरी डॉगची प्रचंड वस्ती ओस पडली. म्हणून मागच्या वर्षी कुणी सांगितलेली जागा यंदाही असेलच, हे धरून चालू नका. मेलेल्या जनावराला हात लावू नका आणि कुत्रा बरोबर नेऊ नका.

मे महिना खासगी जमिनींचा. काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात जाऊन कुणाला प्रेअरी डॉगचा त्रास आहे का, असं सरळ विचारलं, तिथून बरीच मदत झाली. दुपारच्या जेवणानंतर जायचं, गाडी स्वच्छ, कॅमोफ्लाज कपडे नाहीत, नाव-फोन लिहिलेला कागद हातात. गायी वितात त्या आठवड्यांत आणि गवत कापणीत कुणाला त्रास द्यायचा नाही. सात दारं, पाच नकार. एका बाईंनी नकाराचं कारण सांगितलं: मागच्या उन्हाळ्यात आलेल्यांनी फाटक उघडं टाकलं आणि अठरा गायी डांबरी रस्त्यावर गेल्या. त्यांचं बरोबरच आहे. ऐकून घेतलं, आभार मानून निघालो.

होकार दिलेल्या दोघांपैकी एक सत्तरीचे आजोबा आहेत. त्यांच्या घोडीचा पाय बिळात अडकून मोडला होता, ते सांगताना ते थोडा वेळ गप्प राहिले. एक शनिवार त्यांच्याबरोबर काटेरी तार ताणली, खांब बदलले. संध्याकाळी त्यांनी पिकअपमधून हद्द दाखवली आणि अटी सांगितल्या: गुरं पूर्वेला, म्हणून तोंड पश्चिमेकडेच, मागे मातीचा उतार नसेल तर गोळी नाही, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एकूणएक उचलायच्या, फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात साउथ डकोटाला तीन दिवस गेलो. बफेलो गॅप ग्रासलँड जवळपास सहा लाख एकर, पण सगळीकडे शिकार चालत नाही. कोनाटा बेसिन प्रेअरी डॉगच्या शिकारीला बंद आहे, कारण काळ्या पायांचं फेरेट, मुंगसासारखं दिसणारं छोटं शिकारी जनावर. हे जनावर नामशेष झालं असं धरलं होतं; १९८१ साली वायोमिंगमध्ये मीटीट्सीजवळ रँचवरच्या कुत्र्यानं एक मारून आणलं तेव्हा ते अजून शिल्लक आहे हे कळलं. १९९६पासून कोनाटात त्यांना सोडलं. ते जगतात प्रेअरी डॉग खाऊन आणि राहतात त्यांच्याच बिळांत. ही बंदी मला मनापासून पटते. आदिवासी राखीव क्षेत्रांत जायचं तर त्या जमातीचा वेगळा परवाना लागतो, हेही तिकडे जाणाऱ्यांनी धरून ठेवा.

शेजारच्या बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउन आहे. तिथे शिकार नाहीच, फक्त दुर्बीण घेऊन दोन तास बसलो. एक नर मागच्या पायांवर उभा राहिला, हात वर फेकले, मान मागे टाकली आणि इतक्या जोरानं ओरडला की तोल जाऊन पडायला आला. लगेच शेजारच्यानं तसंच केलं, मग त्याच्या पलीकडच्यानं, आणि ती लाट टेकडीपर्यंत गेली. नेम धरणाऱ्या प्रत्येकानं हे आधी पाहावं असं मला वाटतं.

बिळात घुबडं राहतात, हेही तिथेच नीट ओळखायला शिकलो. बरोइंग आउल वीतभर उंचीचं, लांब पायांचं, बिळाच्या तोंडाशीच उभं असतं. लांबून, उन्हाच्या झळांत, ते प्रेअरी डॉगसारखंच दिसतं. कायद्यानं त्याला संरक्षण आहे. डोकं गोल आणि पाय बारीक दिसले की स्कोपमधून डोळा काढायचा. मेलेली जनावरं गरुड आणि ससाणे खातात, शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. म्हणून मी तांब्याच्या गोळ्या घेतल्या. महाग आहेत, पण शिशाकडे परत जाणार नाही.

नव्या मंडळींसाठी एक महत्त्वाचं: एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते. आधी परवाना, मग दुकान. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत त्यासाठी हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेटही लागतं.

१५ जूननंतर तीन फेऱ्या, ६२ गोळ्या, १९ नेम बरोबर. अडीचशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळी सहा इंच सरकवतो, आणि प्रेअरी डॉग चार इंच रुंद. माझे बहुतेक नेम वाऱ्यानंच चुकवले. दोन वेळा घुबड दिसलं म्हणून अर्धी वस्ती सोडून दिली.

ऑगस्टमध्ये आजोबांच्या उत्तरेकडच्या कुरणात जायचं ठरलं आहे. तिथल्या फाटकाची साखळी गंजून तुटायला आली आहे, नवी मी घेऊन जातो असं त्यांना सांगितलंय.