फोटो तेवढा राहिला होता

"दादा, एक फोटो काढता का? मागचा मनोरा पूर्ण आला पाहिजे."

पुण्यात गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर. मुलगा डिलिव्हरीचं जॅकेट घालून आला होता. ते काढलं, कंपनीचं नाव आत जाईल अशी घडी घातली आणि बॅगखाली सरकवलं. मग केसांवरून हात फिरवून ताठ उभा राहिला.

"पदवी पोस्टानं गावी गेली. समारंभाच्या दिवशी सुट्टी नव्हती. फोटो तेवढा राहिला होता."

पाच-सहा काढले. त्यानं एक निवडला, लगेच आईला पाठवला, जॅकेट चढवलं आणि निघाला.

ही वास्तू एकेकाळी गव्हर्नरची कोठी. १८९७ मध्ये इथल्याच मेजवानीहून परतताना इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. विद्यापीठ आलं १९४९ साली. तेव्हापासून इथं किती जणांनी फोटो काढले असतील! पण जॅकेटची ती घडी काही डोक्यातून जाईना.

आता कॉलेजांच्या फाटकांवर निरोप समारंभ, स्नेहसंमेलनांचे फलक लागतील. वेळ बहुतेक सकाळची, वार कामाचा. कमवून शिकणाऱ्यांचं कौतुक भाषणात होईलच म्हणा, ते मात्र तेव्हा कामावर.

तुमच्याकडे कुणी संध्याकाळी ठेवतं का हो असे कार्यक्रम?