सैनिकांसाठी विमानतळावरची एक खोली

अमेरिकेतल्या डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर यूएसओ (युनायटेड सर्व्हिस ऑर्गनायझेशन्स) या संस्थेची एक खोली आहे, फक्त सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी. सुटीच्या दिवशी मी तिथे स्वयंसेवक म्हणून जाते. नागपूरहून आई दर फोनला विचारते, "तिथं जाऊन करतेस तरी काय गं?" म्हणून आज सविस्तर लिहिते.

दारात लष्करी ओळखपत्र दाखवायचं, नाव लिहायचं, आत यायचं. पैसे नाहीत. आत सोफे, पाय पसरता येतील अशा खुर्च्या, कॉफी, खाण्याचं थोडंफार, मुलांना खेळायला कोपरा. रात्रभर प्रवास करून आलेला जवान बूट काढतो, "साडेचारला उठवा" म्हणतो आणि गाढ झोपतो. आम्ही वेळ लिहून ठेवतो आणि न चुकता उठवतो. मला विचाराल तर खोलीचं सगळ्यात मोलाचं काम हेच. एकट्या प्रवाशाला विमान चुकेल या धास्तीने धड डोळा लागत नाही.

ही सरकारी सोय नाही बरं का. १९४१ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून सहा नागरी संस्था एकत्र आल्या आणि यूएसओ उभी राहिली. आजही तिचा मोठा भार देणग्या आणि आमच्यासारखे स्वयंसेवक उचलतात.

त्याच वर्षी नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅट या रेल्वेच्या गावात जे झालं, ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. डिसेंबरात गावकरी आपल्या पोरांची पलटण जाणार म्हणून खाऊ घेऊन स्टेशनवर जमले. गाडी आली ती कॅन्ससच्या पोरांची. गावकऱ्यांनी खाऊ त्यांनाच वाटला. मग नाताळपासून एप्रिल १९४६ पर्यंत तिथे थांबणाऱ्या सैनिकांच्या प्रत्येक गाडीला कॉफी, सँडविच, केक मिळत राहिले. गाडी दहा-पंधरा मिनिटंच थांबायची. साखरेला रेशन होतं, तरी आसपासच्या गावांतल्या बायकांनी पाळ्या लावून हे निभावलं. साठ लाखांहून जास्त सैनिक तिथून खाऊन गेले. गावाची वस्ती होती बारा हजारांच्या आसपास!

यूएसओच्या बऱ्याच केंद्रांत सैनिक आपल्या मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक वाचतानाचा व्हिडिओ करून घरी पाठवू शकतात. एकदा एक धिप्पाड गडी अस्वलाचा आवाज काढून वाचत होता. पान उलटायच्या आधी तो दर वेळी थांबायचा, कॅमेऱ्यासमोर चित्र धरायचा आणि विचारायचा, "दिसलं का?" समोर कोणीच नव्हतं. लेक पुढे कधीतरी बघेल, तेव्हा तिला चित्र पाहायला वेळ मिळावा म्हणून.

आता नागपूरचं. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन्ही रेल्वेमार्ग आपल्याकडेच भेटतात. कामठीला लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, तिकडे पुलगावला दारूगोळ्याचं भांडार. फलाटावरची काळी ट्रंक, तिच्यावर बसलेली जवानाची बायको आणि मांडीवर पेंगुळलेलं पोर कोणत्या नागपूरकराने पाहिलं नाही? मोठ्या स्टेशनांवर लष्कराचं एमसीओ, म्हणजे सैनिकांच्या प्रवासाचं कार्यालय असतं, पण त्याचं मुख्य काम प्रवासाचं सरकारी वॉरंट, आरक्षण आणि सैनिकांची ने-आण. नवऱ्याच्या पोस्टिंगवर दोन लेकरं घेऊन एकटी निघालेल्या बाईला गाडी चार तास लेट झाली की बाळाला दूध पाजायला आडोसा हवा, सामानावर लक्ष ठेवणारं कोणी हवं. हे काम लष्कराने करावं असं नाहीच. हे आपलं, गावाचं काम आहे.

आपल्याकडे माजी सैनिकांच्या संघटना आहेत, महिला मंडळं आहेत, कॉलेजातली एनसीसीची मुलं आहेत. रेल्वेने किंवा सोनेगावच्या विमानतळाने एक खोली दिली, तर चहा-पोह्यांची सोय नागपूरकरांना जड नाही. कोणी पुढाकार घेत असेल तर पाळ्या कशा लावायच्या, सामान किती लागतं, झोपलेल्यांच्या वेळा कशा नोंदवायच्या, हे सगळं मी लिहून पाठवते. डिसेंबरात मी नागपुरात आहे. पहाटेची पाळी मला द्या.